ऐंशीचा फरक

पनवेलच्या ज्या महाविद्यालयात मी बत्तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं, तिथल्या एका प्रयोगशाळा परिचराच्या सेवापुस्तकात एक ओळ आहे: ‘दृष्टिदोषामुळे मोजमापाच्या कामातून मुक्त करण्यात येत आहे.’ ही ओळ माझ्या टिपणावरून लिहिली गेली. ती चुकीची आहे. दोष त्यांच्या डोळ्यांत नव्हता, मी जोडलेल्या एका तारेत होता. काय झालं ते क्रमाने लिहितो.

गोष्ट नव्वदच्या आसपासची. एका मोठ्या संशोधन केंद्राने आपली जुनी उपकरणं महाविद्यालयांना देऊन टाकली. आमच्या वाट्याला किरणोत्सार मोजणारा एक काउंटर आला. राखाडी रंगाची लोखंडी पेटी, पुढे बटणं आणि चार लाल आकडे. सोबत शिशाचा एक जाड डबा होता, त्याला सगळे किल्ला म्हणत. टेम्पोतून उतरवायला चार माणसं लागली. किल्ल्याच्या आत वर किरणं टिपणारी गायगरची नळी आणि खाली एक धातूची बशी. बशीत माती किंवा चिखल वाळवून, चाळून ठेवायचा, दार लावायचं, बटण दाबायचं. काउंटर वीस मिनिटं मोजत राहायचा आणि मग आपोआप थांबायचा. आकडा पुढचं बटण दाबेपर्यंत तसाच पेटलेला राहायचा.

हे काम परिचर मामांकडे होतं. आमच्याकडे सगळ्याच शिपायांना आणि परिचरांना मामा म्हणत, पण या लेखात मामा म्हणजे हेच. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे. खाडीकाठच्या कोळी घरातले. पहाटे भावाबरोबर होडीवर जायचे आणि साडेदहाला प्रयोगशाळेत हजर असायचे, केस ओले, शर्ट इस्त्रीचा. शिक्षण दहावीपर्यंत. काउंटर आला त्या आठवड्यात त्यांनी माझ्याकडून प्रत्येक बटणाचा उपयोग विचारून घेतला आणि मग पुन्हा कधीच विचारलं नाही.

त्यांची लिहिण्याची एक पद्धत होती. मोठ्या आखीव वहीत नमुन्याचा नंबर, वेळ आणि आकडा लिहायचा. लिहून झालं की मान वर करून काउंटरकडे पुन्हा बघायचं, आणि मग आकड्यापुढे बारीक बरोबरची खूण करायची. प्रत्येक आकडा दोनदा बघितलेला. खूण नाही असा एकही आकडा त्या वहीत नव्हता. आमचे प्रयोगशाळा सहायक पुढच्या वर्षी निवृत्त होणार होते आणि त्यांच्या जागी मामा येणार हे सगळ्या महाविद्यालयाला माहीत होतं.

मला विद्यापीठाकडून एक छोटा प्रकल्प मिळाला होता. पनवेलच्या आसपासच्या मातीत आणि खाडीच्या चिखलात नैसर्गिक किरणोत्सार किती आहे ते मोजायचं. त्यात धक्कादायक काही निघणार नव्हतं आणि निघालंही नाही. नेऱ्याच्या शेतातली माती मी स्कूटरवरून आणली. खाडीचा चिखल मामांनी भावाच्या होडीतून आणला, प्लास्टिकच्या पिशव्यांत, प्रत्येक पिशवीला सुतळी आणि चिठ्ठी. त्याच सुमाराला महाविद्यालयात पहिला कॉम्प्युटर आला. तो प्रयोगशाळेला लागून असलेल्या खोलीत ठेवला. त्या खोलीला एसी होता, चपला बाहेर काढायच्या, किल्ली माझ्याकडे आणि आणखी एका प्राध्यापकाकडे. मामांना आत जायचं काही कारण नव्हतं आणि ते कधी गेले नाहीत.

जुना काउंटर या नव्या कॉम्प्युटरला जोडायचा, ही कल्पना माझी. तयार कार्डं आमच्यासारख्यांना मिळत नव्हती, त्यामुळे सगळं हाताने करायचं होतं. काउंटरच्या मागे एक रुंद सॉकेट होतं. आकडे कागदाच्या पट्टीवर छापणारा प्रिंटर तिथे लागायचा. तो प्रिंटर आमच्याकडे आलाच नाही. त्या सॉकेटवर प्रत्येक आकड्यासाठी चार तारा होत्या. एका तारेची किंमत एक, दुसरीची दोन, तिसरीची चार, चौथीची आठ. सहा दाखवायचे असतील तर दोनाची आणि चाराची तार जिवंत होणार. नऊ असतील तर आठाची आणि एकाची. चार आकडे, सोळा तारा. कॉम्प्युटरच्या प्रिंटरच्या जागेतून एका वेळी इतक्या तारा आत घेता येत नाहीत, म्हणून मी एक छोटा बोर्ड बनवला, जो चार-चार तारा पुढे सरकवायचा. बेसिक या भाषेत प्रोग्रॅम लिहिला. दोन खोल्यांमधल्या भिंतीला भोक पाडून केबल पलीकडे नेली. सगळ्या सांध्यांना मी स्वतः सोल्डरिंगचे डाग दिले. मीटर लावून प्रत्येक तार तपासली, प्रत्येकीला मीटर वाजला.

काउंटरला एक तपासणीचं बटण होतं. ते फिरवलं की तो किरणं मोजायचं सोडून घरातल्या विजेची स्पंदनं मोजायचा, सेकंदाला पन्नास. मिनिटाला तीन हजार यायला हवेत. पनवेलला तीन हजार कधीच यायचे नाहीत, लाइन कायम जरा कमी असायची. मी कॉम्प्युटरपाशी बसलो. पलीकडून मामा भोकातून ओरडले,

“दोन हजार नऊशे एकेचाळीस!”

“बरोबर!”

“नऊशे छत्तीस!”

“बरोबर!”

पाच वेळा केलं, पाचही वेळा जुळलं. पाचव्यांदा मामा म्हणाले, “आता ह्यो माझी नोकरी खातो का काय, सर?” आणि हसले. मीही हसलो. आकड्याचा शेवट एकदा जरी ब्याऐंशी किंवा सत्त्याण्णववर गेला असता तरी त्याच दिवशी सगळं उघड झालं असतं. पण आमची वीज तेवढी चांगली नव्हती.

मी मामांना सांगितलं, आता वहीत लिहायची गरज नाही, आकडा आपोआप नोंदला जातो. ते हो म्हणाले आणि लिहीत राहिले. वीस मिनिटं काउंटरसमोर बसून राहायचं आणि शेवटी काहीच लिहायचं नाही, हे त्यांना जमणारं नव्हतं. मी आग्रह धरला नाही.

दोन-तीन महिन्यांनी प्रकल्प बघायला विद्यापीठाकडून एक वयस्कर प्राध्यापक आले. मी त्यांना पडद्यावर आलेख दाखवला. ते खूश झाले. म्हणाले, जुन्या यंत्राला नवी जीभ दिलीत, यावर परिषदेत निबंध वाचा. जाता जाता प्रयोगशाळेत त्यांना मामांची वही दिसली. त्यांनी ती उचलली, माझ्या हातातला कॉम्प्युटरचा छापील कागद मागितला आणि उभ्या उभ्या बोट फिरवत बघू लागले.

“हे दोन्ही एकाच मोजणीचे ना?”

“हो, सर.”

“मग इथे चौदाशे त्र्याऐंशी आणि तिथे चौदाशे तीन?” त्यांनी आणखी दोन-तीन दाखवले. “यातला खरा कुठला?”

मी म्हणालो, “कॉम्प्युटरचा.”

विचार करायला मी वेळ घेतला नाही. मामा हातभर अंतरावर उभे होते.

प्राध्यापक त्यांच्याकडे वळले. “बघून लिहिता, की अंदाजाने?”

“बघून लिवतो, सर. दोनदा बघतो.”

“वय काय तुमचं?”

“अठ्ठेचाळीस.”

“चष्मा?”

“नाय लागत.”

“लागायला हवा!” ते हसले आणि मला म्हणाले, “हे लाल आकडे फसवे असतात. शून्याच्या मध्ये एक रेघ पेटली की झाला आठ. यांचं तेच होतंय.”

ही उपपत्ती त्यांची. मला ती त्या क्षणी पटली, आणि सोयीची होती.

ते गेल्यावर मामा वही आणि छापील कागद घेऊन माझ्याकडे आले. “सर, आठाचा शून्य एक वेळ धरा. पण हे बघा.” त्यांनी बोट ठेवलं. वहीत तेराशे ब्याण्णव, कागदावर तेराशे बारा. “नवाचा एक कसा व्हईल? नऊ केवडा, एक केवडा.”

त्या आकड्यांत एक म्हणजे उजवीकडच्या दोन उभ्या रेघा फक्त. त्यात आणि नवात गल्लत होत नाही. मला ते त्याच क्षणी दिसलं. मी म्हणालो, “घाईत होतं, मामा.”

“मला कसली घाई? वीस मिनटं बसूनच असतो मी.”

मी छापील कागदाची घडी घातली. मग ते म्हणाले, “माज्या शेजारी हुबं ऱ्हावा, सर. तुमी बघा, मी बोलतो.”

दुसऱ्या दिवशी मी तासभर त्यांच्या शेजारी उभा राहिलो. तासाला तीन मोजण्या होतात. काउंटर थांबला की मामा आकडा बोलायचे, मी तो डोळ्यांनी बघायचो आणि पलीकडे जाऊन पडद्यावर ताडायचो. तिन्ही जुळले.

“चौथा घेऊया, सर,” मामा म्हणाले.

माझा तास होता. मी म्हणालो, “बघा मामा, लक्ष देऊन पाहिलं की बरोबर येतं.”

मी पुस्तकं गोळा करेपर्यंत ते काउंटरसमोर बसून होते. त्यांनी आधी एक डोळा हाताने झाकला आणि आकड्याकडे बघितलं, मग दुसरा झाकून बघितलं.

त्या आठवड्यात मी पूर्ण वही आणि छापील कागद शेजारी ठेवून तपासले. तेवीस ठिकाणी फरक होता. प्रत्येक ठिकाणी बरोबर ऐंशीचा. कधी एकोणऐंशी नाही, कधी एक्याऐंशी नाही. माझ्या विषयातल्या माणसाला एवढ्यावरून उठून केबल उघडायला हवी होती. माणूस असा नेमाने चुकत नाही, तार चुकते. तेवीसपैकी चौदा ठिकाणी आठाचा शून्य झाला होता आणि नऊ ठिकाणी नवाचा एक. प्राचार्यांना दिलेल्या टिपणात मी चौदाच लिहिले. बाकीचे नऊ लिहिले नाहीत.

डाग कच्चा राहिला ती चूक होती. नऊ नोंदी गाळल्या ती चूक नव्हती, ते मी समजून केलं. केबल उघडली असती तर तोवरच्या सगळ्या मोजण्या पुन्हा कराव्या लागल्या असत्या, अहवाल लांबला असता, आणि परिषदेतला निबंध मी मनात अर्धा लिहून ठेवला होता.

प्राचार्यांनी मामांना सरकारी दवाखान्यात डोळे तपासायला पाठवलं. डॉक्टरांनी जवळचं वाचायला बारीक नंबर दिला, त्या वयात सगळ्यांनाच लागतो तेवढा, आणि खाली ‘कामास योग्य’ असं लिहिलं. प्राचार्यांनी तो कागद माझ्यापुढे सरकवला. “तुम्ही काय म्हणता?” मी म्हणालो, “मोजमापाच्या कामाला नको.” मग ती ओळ सेवापुस्तकात गेली आणि मामा जिमखान्यात गेले. पुढच्या वर्षी सहायकाची जागा दुसऱ्या परिचराला मिळाली.

जिमखान्यातलं काम म्हणजे बॅटी आणि चेंडू देणं-घेणं, चेंडूत हवा भरणं. नजरेची गोष्ट महाविद्यालयभर झाली होती, मामांनी दाखवलेल्या नऊ आणि एकासकट. कचेरीतले लोक त्यांना ऐंशी मामा म्हणू लागले. कॅन्टीनवाला रोज विचारायचा, “मामा, एक कटिंग सांगितली, नऊ नाही ना नेणार?”

“आण नऊ,” मामा म्हणायचे, “आठ तू पी.”

सगळे हसायचे. मी स्टाफरूममध्ये असलो तर मलाही ऐकू यायचं.

मामांच्या बायको पनवेलच्या मासळी बाजारात बसायच्या. मी त्यांच्याकडून मासे घ्यायचो. त्या वर्षीच्या दिवाळीनंतर एकदा बोंबील निवडत त्या म्हणाल्या, “सर, त्यांचं होडी हाकायचं बंद झालं.”

“का?”

“का काय? दीर बोलतो, पुढं खुंट हायत, जाळी हायत, ज्याला दिसत नाय त्याच्या हातात कशी द्यायची? तुमीच बोल्लात ना डोळं गेलं?”

“मी तसं नाही म्हटलं. काळजी घ्यायला हवी एवढंच.”

“काळजीच घेतात. सायकलपण घरात ठेवलीय. बसमधनं उतरताना दांडा सोडीत नायत.” त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली. “दिसतं की नाय तेच त्यांना कळत नाय आता.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. मी डॉक्टरांकडे एकदा दाखवा म्हणालो. त्या म्हणाल्या, “दाखिवलं. ते बोल्ले काय नाय झालं. पण सर बोल्ले ना.”

माझा निबंध परिषदेत वाचून झाला. अहवाल गेला. त्यात मातीचे आकडे खऱ्यापेक्षा थोडे कमी होते, कारण काही मोजण्यांमधून ऐंशी गळाले होते. त्याने कोणाचं बिघडलं नाही. तो अहवाल फारसा कोणी वाचलाही नसेल.

एकदा दुपारी जिमखान्यावरून जात होतो. मामा पायरीवर व्हॉलीबॉलचं फाटलेलं नेट मांडीवर घेऊन बसले होते. कोळी जाळं विणतात तशी लाकडी सुई त्यांच्या हातात होती आणि ते एक-एक डोळा भरत होते. चष्मा शेजारी पायरीवर ठेवलेला. हात थांबत नव्हता. त्यांनी मला बघितलं आणि पटकन चष्मा लावला.

“असू द्या,” मी म्हणालो.

“नाय, लावायला पायजे,” ते म्हणाले.

त्यानंतर साधारण वर्षभराने महाविद्यालयाला नवा कॉम्प्युटर मिळाला आणि जुनी केबल काढायची वेळ आली. ती टेबलावर घेतली आणि सहज भिंगातून प्लग बघितला. बाराव्या सांध्याभोवती बारीक राखाडी कडं होतं. डाग वरून बसलेला दिसत होता, पण तारेला धरलेला नव्हता. मी मीटर लावला, वाजला. मीटरची पिन त्या सांध्यावर न टेकवता तारेवर थोडी पुढे टेकवली, वाजला नाही. पिनेच्या दाबाने तो सांधा तेवढ्यापुरता जुळायचा आणि पिन उचलली की सुटायचा. जोडताना प्रत्येक सांध्यावर पिन दाबूनच मी तपासणी केली होती.

बारावी तार कुठली ते बघायला वही काढावी लागली नाही. दशकाच्या आकड्याची आठाची तार. ती मेलेली असली की दशकातला आठ शून्य होतो आणि नऊ एक होतो. बाकीच्या आकड्यांना काही होत नाही. समजायला एक मिनिटही लागलं नाही.

डाग द्यायची सळई तापवली, सांधा पुन्हा डागला, केबल गुंडाळून कपाटात ठेवली. जिमखाना पन्नास पावलांवर होता. कोणीतरी चेंडूत हवा भरत होतं, पंपाचा आवाज येत होता. मी खोलीला कुलूप लावलं आणि घरी गेलो.

तेव्हा मामांच्या नोकरीची नऊ वर्षं बाकी होती. सुरुवातीला मी ठरवलं, सहायकाची जागा पुन्हा रिकामी झाली की बोलायचं. ती मध्ये एकदा झालीही. मी बोललो नाही. मग एवढी वर्षं झाल्यावर आता कसं सांगायचं, असं वाटू लागलं, आणि ते दर वर्षी आणखी वाटत गेलं. त्यांच्या निरोप समारंभात मला बोलायला सांगितलं होतं. मी पाच मिनिटं बोललो. कष्टाळू म्हटलं, प्रामाणिक म्हटलं. शाल मीच घातली.

गेल्या वर्षी माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तपासताना दवाखान्यातल्या मुलीने माझा एक डोळा झाकला आणि भिंतीवरचे आकडे वाचायला सांगितले. मी चार आकडे वाचले आणि पुढे वाचता येईना. ती म्हणाली, घाई नाही, आजोबा. त्यानंतरच्या महिन्यात मी मामांचा पत्ता शोधला. त्यांचं गाव विमानतळासाठी उठलं होतं. ते करंजाड्याला मुलाकडे राहत होते, बायको वारल्या होत्या.

दार सुनेने उघडलं. मामा खिडकीशी खुर्चीत होते. ऐंशी ओलांडलेली, अंग वाळलेलं. बघताक्षणी म्हणाले, “सर ना?”

मी आधी माझ्या ऑपरेशनचं सांगितलं, मग कागदावर चार तारा काढून काय झालं होतं ते समजावलं. आठाची तार, सुटलेला सांधा, पिनेचा दाब. सून मध्येच चहा ठेवून गेली. मामांनी कागद स्वतःकडे ओढून घेतला आणि बराच वेळ बघितला. मग म्हणाले, “आन ते तीन? त्या दिवशी तीन बरोबर आलं व्हतं.”

“त्या तिघांत दशकाला आठ-नऊ नसणार.”

“चौदा सत्तावीस,” मामा म्हणाले. “चौदा एक्कावन. चौदा अडतीस.”

मला ते आठवत नव्हते. त्यांनी बोटांवर बघितलं. “दोन. पाच. तीन. नाय.” मग थांबले. “पण तिसऱ्यात शेवटाला आठ हाय.”

“त्याची तार वेगळी. ती चांगली होती.”

त्यांनी मान हलवली. “तिथंच मी अडकलो व्हतो, सर. मला वाटायचं, डोळं बरं असतं तर शेजारी मानूस असू दे नायतर नसू दे, सारखंच दिसलं असतं.” मग विचारलं, “पुस्तकात काय हाय?”

“तसंच आहे.”

“ते काढा.”

मी महाविद्यालयात गेलो. कचेरीतला कारकून मला ओळखत नव्हता. ओळख सांगितल्यावर उभा राहिला. म्हणाला, “सर, ते रिटायर होऊन वीसेक वर्षं झाली. पुस्तक बंद झालं. त्यात आता खाडाखोड नाही करता येत.”

“अर्ज जोडता येईल?”

“जोडा. कोणी बघणार नाही, पण जोडा.”

मी तिथेच बसून एक पानी अर्ज लिहिला. उपकरणाच्या जोडणीत दोष होता, परिचरांनी नोंदवलेले सर्व आकडे बरोबर होते, त्यांच्या दृष्टीत दोष नव्हता, ही बाब नंतर लक्षात आली, तरी सेवापुस्तकासोबत हे पत्र ठेवावे. कारकुनाने आवक नंबर घातला, प्रतीवर शिक्का मारून दिला. ती प्रत घेऊन त्याच संध्याकाळी करंजाड्याला गेलो.

सुनेने वाचून दाखवलं. मामा म्हणाले, “परत वाच.” तिने परत वाचलं.

“कवा समजलं ते नाय लिवलं,” मामा म्हणाले.

“लिहिलंय की, बाबा,” सून म्हणाली. “‘नंतर लक्षात आली.’”

“नंतर म्हंजे कवा?” ते माझ्याकडे बघत होते. “आता? ऑपरेशन झाल्यावर?”

पहिल्या भेटीत त्यांनी हे विचारलं नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं. हल्लीच कधीतरी जुनी केबल हाताला लागली असेल, असा त्यांचा समज झाला होता. मी तो होऊ दिला होता.

“तुम्ही जिमखान्यात होतात तेव्हा,” मी म्हणालो.

“जिमखान्यात कवा?”

“तिसऱ्या वर्षी.”

“तवा माझी नऊ वर्षं व्हती.”

“हो.”

“ही व्हती,” ते म्हणाले. भिंतीवर बायकोचा फोटो होता, पण त्यांनी तिकडे बघितलं नाही. “भाऊ व्हता. होडी व्हती.”

सून अर्ज हातात धरून उभी होती. तिने तो टेबलावर ठेवला आणि माझ्यासमोरचा पाण्याचा पेला उचलून आत घेऊन गेली.

“मामा, मी...”

“माफी नका मागू, सर. तेवडं लिवा. तारीख नसंल तर वर्ष लिवा. समजल्यावर बोल्लो नाय, हे लिवा.”

“लिहितो. उद्याच लिहितो आणि घेऊन येतो.”

“घेऊन नका येऊ,” ते म्हणाले. “कचेरीत ठेवा.”

दुसऱ्या दिवशी मी दुसरा अर्ज लिहिला. त्यात वर्ष घातलं. समजल्यावरही मी कोणाला सांगितलं नाही हे लिहिलं. मामांनी सांगितलं नव्हतं तेही एक लिहिलं, की मूळ टिपणात मी नऊ नोंदी जाणूनबुजून वगळल्या होत्या, आणि त्या नऊ नोंदींकडे परिचरांनी स्वतः माझं लक्ष वेधलं होतं. कारकुनाने अर्ज पूर्ण वाचला, पहिला त्याने वाचला नव्हता.

“सर, पहिला अर्ज आहेच की. एवढं सगळं लिहायलाच हवं का?”

“हवं.”

त्याने शिक्का मारला.

प्रत मी रजिस्टर पोस्टाने करंजाड्याला पाठवली. पोचपावती आठवड्यात आली. तिच्यावर सही त्यांच्या सुनेची आहे.